सोनाआत्याचा डावा हात

शौकत दुकानात आला तेव्हा सोनाआत्याचा डावा हात माझ्या शिकंज्यात होता.

शौकत मिशनच्या दवाखान्याची अँब्युलन्स चालवायचा. माझ्या बायकोला, मार्थाला, तो ताई म्हणायचा, म्हणून मी भाऊजी. दुकानात आला की आधी स्टुलावर बसायचा, मग चहा मागायचा, मग शेजारच्या गिरणीवाल्याला दोन शिव्या हासडायचा आणि शेवटी काम सांगायचा. त्या दिवशी तो बसला नाही. उंबऱ्यातच उभा राहिला.

"भाऊजी, चला."

"कुठं?"

"दवाखान्यात. गाडी आणलीय."

"पुन्हा पंप जळला का?" मी मोटारी रिवाइंड करायचो. दवाखान्याचा पंप माझ्याकडं नेहमीचाच.

"पंप नाही. ताई पडल्या. शिकवता शिकवता."

"पडली म्हणजे? लागलं का कुठं?"

शौकत रस्त्याकडं बघत म्हणाला, "तुम्ही चला तर. दुकान मी बंद करतो."

त्यानं शटर ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात स्वतःच्या हातानं घातली. इतक्या वर्षांत शौकतनं माझ्या दुकानाच्या शटरला कधी हात लावला नव्हता. तेव्हा मला कळलं.

गाडी दवाखान्याच्या फाटकातून आत शिरली तेव्हा तो म्हणाला, "भाऊजी, ते मागं ठेवू का?"

"काय?"

"हात."

मी मांडीवर बघितलं. सोनाआत्याचा हात शिकंज्यातून सोडवून मी बरोबर आणला होता. कधी सोडवला ते मला आठवत नाही. "राहू दे," मी म्हटलं.

सोनाआत्या म्हणजे नर्सिंग स्कूलमधली बाहुली. बाईएवढी बाई, रबराची, आतून लोखंडी सांधे, कुठल्याशा परदेशी बाईनं फार पूर्वी देणगी दिलेली. नव्या मुली तिच्यावर शिकायच्या. तिला कूस बदलून देणं, अंग पुसणं, वेणी घालणं, तिला न उठवता खालची चादर बदलणं. तिला पुतळा म्हटलेलं मार्थाला चालायचं नाही. "पुतळ्याला पाठीला फोड येतात का? मग आत्या म्हणा." मार्था तिथं सिस्टर ट्यूटर होती. नर्सला शिकवणारी नर्स. आमचं लग्न झालं तेव्हा ती नुकतीच त्या कामाला लागली होती, आणि निवृत्तीला थोडाच अवकाश असताना गेली. मधली सगळी वर्षं त्या एका खोलीत.

तिची एक पद्धत होती. दोन मुली घ्यायच्या. एकीनं काम करायचं आणि दुसरीनं सोनाआत्याच्या उशाशी बसून तिच्या वतीनं बोलायचं. काम करणारीनं आधी आपलं नाव सांगायचं, मग काय करणार ते सांगायचं, आणि उत्तर आल्याशिवाय हात लावायचा नाही. "आत्या, मी अमकी. आता तुमचा उजवा हात पुसते." उशाशी बसलेली म्हणायची, "पूस." पण नुसतं "पूस" मार्थाला पटायचं नाही. "पेशंट इतका गुणी असतो का गं? जरा चिडून बोल." मग मुलींना चेव यायचा. "पाणी गार आहे!" "हळू, हात आहे, उसाचं टिपरं नाही!" वर्गात हसू व्हायचं. मार्था हसायची नाही. "आता तिनं पाणी गार म्हटलं. तू काय करणार? बघत उभी राहशील का पाणी बदलशील?"

हे सगळं तिनं आधी माझ्यावर करून बघितलं होतं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष, संध्याकाळी मी दुकानातून येऊन आडवा झालो की ही टॉवेल घेऊन हजर. "अहो, मी मार्था. आता तुमचा पाय पुसते."

"मार्था कोण? आमच्या घरी या नावाची एक आहे, पण ती चहा आणते."

"नीट उत्तर द्या. मला उद्या शिकवायचंय."

"पाणी कोपर लावून बघितलंस का?" हे तिचंच वाक्य मी तिला परत करायचो. पाणी बोटांनी बघायचं नाही, बोटं राठ झालेली असतात, कोपर लावून बघायचं, असं ती सांगायची. मग ती खरंच पदर सावरून बादलीत कोपर बुडवायची. पुढं दर नव्या बॅचला ती हे वाक्य सांगायची आणि म्हणायची, "हा माझा सगळ्यात खडूस पेशंट." मुली मला गावात भेटल्या की तोंडावर हात ठेवून हसायच्या.

हात मोडला त्याची गोष्ट आदल्या दिवशीची. मार्था संध्याकाळी घरी आली ती हा हात पिशवीत घेऊन. मेथीची जुडी आणि त्यातून वर आलेली पाच रबरी बोटं.

"तडवीनं आत्याचा हात मोडला," ती म्हणाली.

"कोण तडवी?"

"रेश्मा. यावलकडची. सांगितलं नव्हतं का, वॉर्डातून पळाली ती?"

सांगितलं होतं. रेश्मा मोठ्या वर्गातली, हुशार, कामाला वाघ. पण वॉर्डात एक म्हातारी तिच्याकडून अंग पुसून घेता घेता वारली, आणि ही पोरगी पाण्याचं भांडं तसंच टाकून हॉस्टेलवर पळाली. नंतर आणखी एका बाईच्या वेळी पडद्यापर्यंत गेली आणि परत फिरली. माणूस गेल्यावर त्याला धुऊन, डोळे मिटवून, नीट कपडे घालून घरच्यांच्या ताब्यात देणं हेही नर्सचंच काम. ते तिला जमेना. बरोबरच्या सगळ्या मुली खेड्यांवरच्या कामाला गेल्या, मार्थानं हिला ठेवून घेतलं. रोज सोनाआत्यावर सराव. त्या दिवशी चिडून तिनं आत्याचा हात असा ओढला की कोपराची पिन तुटली.

"भित्री आहे," मी म्हटलं.

"भीती नाही ती. दुसरं काहीतरी आहे. सांगत नाही." मार्था खुर्चीत बसली. चप्पल काढायचंही तिच्यात त्राण नव्हतं. "ट्रंक भरून ठेवलीय म्हणे. जाणार पळून."

"मग जाऊ दे की. किती जणींच्या मागं लागशील?"

"जाऊ दे काय? तिचा हात बघा तुम्ही, पेशंटला किती हलका लागतो ते." मग म्हणाली, "उद्या दुपारपर्यंत बसवून देता का कोपर?"

"देतो."

"दुपारपर्यंत हं. तुमची दुपार चार वाजता होते."

हे आमचं शेवटचं धड बोलणं. सकाळी ती गेली तेव्हा मी आंघोळीला होतो. बाहेरून म्हणाली, "कोपर विसरू नका." मी आतून "हो" म्हटलं.

मार्थाला त्यांनी बायकांच्या वॉर्डाशेजारच्या छोट्या खोलीत ठेवलं होतं. अंगावर स्वच्छ चादर होती. तोंड उघडं होतं, जरा एका बाजूला. मेट्रनबाई दाराशी उभ्या होत्या. डॉक्टरांनी मला काही सांगितलं, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, काही त्रास झाला नसेल वगैरे. मी ऐकलं. मला खुर्ची दिली. मी बसलो. हात मांडीवर.

थोड्या वेळानं मार्थाची मोठी बहीण आली. दीनाआक्का. ती रडली, मग डोळे पुसले आणि लगेच कामाला लागली. तिचा स्वभावच तसा.

"शमुवेल, घरी नेऊ या. चर्चच्या बायकांना निरोप धाडलाय मी. घरी आंघोळ घालतील. पांढरी साडी आहे ना चांगली?"

"आक्का, तिला तिनं शिकवलेल्या पोरींनी घालायची आंघोळ."

"कुणी सांगितलं?"

"ती म्हणायची. म्हणायची, चर्चच्या बायका माझ्या वेणीवरनं भांडतील आणि मी पडून ऐकत राहीन."

"गमतीनं म्हणाली असेल."

"गमतीनंच म्हणाली. पण म्हणाली."

आक्कानं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मांडीवरच्या हाताकडं. मेट्रनबाई म्हणाल्या, "शमुवेलभाऊ, काळजी नको. स्टाफच्या दोघी तयार आहेत. त्याही तिच्याच पोरी."

तेवढ्यात दारातून आवाज आला. "मी करते."

बारीक चणीची पोरगी, निळा युनिफॉर्म, ओढून बांधलेले केस. मी तिला आधी पाहिलेलं नव्हतं, पण ओळखलं.

"तू?" मेट्रनबाई म्हणाल्या. "रेश्मा, आत्ता नको. जा तू."

"मी करते मॅडमचं."

"आणि मधेच पळालीस तर?"

रेश्मा दारातून हलली नाही. आक्का माझ्या कानाशी आली. "शमुवेल, हीच ना ती मढं बघून पळणारी? माझ्या बहिणीला अर्धी ओली टाकून गेली तर? तिची शोभा करायचीय का तुला?"

आक्काचं चूक नव्हतं. माझ्याही मनात तेच आलं. मार्था अर्धवट उघडी, अर्धवट पुसलेली, आणि पोरगी हॉस्टेलच्या रस्त्याला. पडदा नीट ओढला की नाही, एवढ्यावरून मार्थानं जन्मभर मुलींना झापलं होतं. माझ्या अंगात भांडायची ताकद नव्हती. मी त्या पोरीला विचारलं, "ट्रंक भरलीस ना?"

"हो."

"मग थांबलीस कशाला?"

"सकाळी मीच होते त्यांच्याबरोबर," ती म्हणाली. "अजून कुणी नव्हतं."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मेट्रनबाईंना म्हटलं, "करू दे तिला."

"भाऊ, नीट विचार करा."

"करू दे. मी इथंच बसतो, पडद्याबाहेर."

आक्का म्हणाली, "पुरुषमाणूस कशाला तिथं?" पण तोवर मी खुर्ची भिंतीला लावली होती. मग आक्काही दाराशी उभी राहिली, पदर तोंडावर घेऊन. ती घरी गेली नाही, हे मी विसरलेलो नाही.

रेश्मानं पडदा ओढला. कडेची फट राहिली होती, ती आतून ओढून घेतली. पाण्याचं भांडं टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज, वर्गात मुली बोलतात तसा, सरळ, पाठ केल्यासारखा.

"मॅडम, मी रेश्मा तडवी. आता तुमचे डोळे पुसते."

मग काहीच नाही.

मी वाट बघितली. कापूस पिळल्याचा आवाज नाही, पाण्याचा नाही. बाहेर वॉर्डात कुणाचं तरी पोर रडत होतं, कुणी भांडी घासत होतं. आत एवढी शांतता की मला वाटलं ती मागच्या दारानं गेली. पण त्या खोलीला मागचं दार नव्हतं.

आक्कानं मला खूण केली. बघ, मी सांगत होते.

"रेश्मा," मी म्हटलं. "काय झालं?"

"उत्तर येत नाही, काका."

मला आधी कळलं नाही. "काय येत नाही?"

"उत्तर आल्याशिवाय हात लावायचा नाही," ती म्हणाली. आवाज आता पाठ केल्यासारखा नव्हता. "मॅडमनी शिकवलं तसंच मी करते. त्या आजींना पण मी सांगितलं होतं. आजी, आता पाय पुसते. मग थांबले. खूप थांबले. त्या काही बोलल्याच नाहीत. मग मला कळलं, त्या गेल्यात. मी कुणाला विचारत होते?"

मी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"आणि सकाळी पण. आत्याला एकच हात होता. मॅडम म्हणाल्या, एक हात नसलेला पेशंट पण असतो, कर सुरू. त्या उशाशी बसल्या होत्या. आत्याच्या वतीनं बोलत होत्या. खूप चिडून बोलत होत्या, मला हसायला येत होतं. मग मी म्हटलं, आत्या, आता पाठ पुसते, कुशीवर वळा. आणि थांबले. त्या बोलल्या नाहीत. मला वाटलं मुद्दाम करतात, मी घाई करते का बघायला. म्हणून मी थांबले, काका. ओला टॉवेल धरून आत्याकडं बघत थांबले. मग मान वर केली."

दाराशी आक्का खाली बसली. भिंतीला टेकून, जमिनीवरच.

मी त्या पडद्याकडं बघत होतो. दवाखान्याचा हिरवा पडदा, खालची शिवण उसवलेली. शिकवणारी मार्था होती. मी मोटारी गुंडाळणारा माणूस. अशा वेळी नर्सनं काय करायचं, याचं तिच्याकडं नक्की काहीतरी उत्तर असणार, आणि ते तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

पण एक काम मला येत होतं.

"पाणी कोपर लावून बघितलंस का गं?" मी म्हटलं.

आत काही हललं नाही.

"बहिरी आहेस का? पाणी बघितलंस का म्हणून विचारतेय."

"बघितलं," रेश्मा म्हणाली.

"बोटानं बघितलं असशील."

"नाही. कोपर लावून."

"मग पूस. हळू, डोळा आहे, काच नाही खिडकीची."

पाण्याचा आवाज आला. कापूस बुडवल्याचा, पिळल्याचा.

"मॅडम, आता चेहरा पुसते."

"पूस."

"आता उजवा हात."

"पूस. बांगडी सांभाळ. मंगळवारच्या बाजारातली आहे, पण माझी आवडती आहे."

दाराशी आक्का रडता रडता हसली. मग आणखी रडली.

असं आम्ही केलं. ती विचारत गेली, मी बोलत गेलो. काही ठिकाणी मी मार्थासारखा चिडलो, काही ठिकाणी नुसतं "हं" म्हटलं. पाणी गार झालं असेल, बदल, असं म्हटलं आणि तिनं खरंच जाऊन बदलून आणलं. पडदा ओलांडून जाताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही, मीही बघितलं नाही. पाठ धुवायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "आता कुशीवर वळवते, एकटीला जमणार नाही." मी उठणार तोवर आक्का उठली. तोंड पुसलं, बाह्या सारल्या आणि पडद्याआड गेली. आतून तिचा आवाज आला. "मार्था, मी दीना. धरते हं तुला."

शेवटी वेणी. आतून आक्का म्हणाली, "एकच घाल, मधे भांग." रेश्मा म्हणाली, "मॅडम दोन घालायच्या म्हणे रविवारी." मी बाहेरून म्हटलं, "मी मेलेय का काय? मला विचारा की." मग मी माझं म्हणून सांगितलं, "एकच घाल. दोन तिनं केव्हाच सोडल्या."

पडदा बाजूला झाला तेव्हा मार्थाचं तोंड मिटलेलं होतं आणि मान सरळ होती. चादरीची घडी पायाशी तिला आवडायची तशी. रेश्माच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. मेट्रनबाई आत आल्या, त्यांनी सगळीकडं बघितलं, पडद्याच्या कडेपर्यंत, आणि मान हलवली. रेश्मानं भांडं उचललं, पाणी ओतून आली, भांडं धुऊन पालथं घातलं. मग मला म्हणाली, "काका, तो हात द्या. मी ठेवते आत्यापाशी."

"बसवून देतो," मी म्हटलं. "दुपारपर्यंत सांगितलं होतं तिनं."

"दुपार झाली," ती म्हणाली.

"मग उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्थाला पुरलं. दवाखान्याची सगळी पोरं, सगळ्या सिस्टर, खेड्यांवरून ट्रकनं परत आलेल्या मुली. पाळकांचं बोलणं लांबलं. शौकत मुसलमान, तो कबरीशी सगळ्यात पुढं उभा होता आणि त्याला कुणी हलवलं नाही. रेश्मा ट्रंक घेऊन गेली नाही. पुढं तिनं परीक्षा पास केली, इथंच काही वर्षं नोकरी केली, मग धुळ्याकडं गेली. आता तीही सिस्टर ट्यूटर आहे. इथल्या स्कूलनं बटणं दाबली की श्वास घेणारी नवी बाहुली घेतली आणि सोनाआत्याला अडगळीत टाकायचं ठरवलं, तेव्हा रेश्मा एसटीनं येऊन तिला चादरीत गुंडाळून घेऊन गेली. कंडक्टरनं तिकीट मागितलं म्हणे. तिनं भांडून अर्धं काढलं.

आपल्या मुलींना ती मार्थाचीच पद्धत शिकवते. फक्त त्यात एक भर घातलीय. माणूस गेल्यावरही एकीनं उशाशी बसायचं आणि त्याच्या वतीनं बोलायचं. मार्थाला हे चाललं असतं की नाही, मला सांगता येत नाही. ती कदाचित म्हणाली असती, हे काय नाटक. कदाचित तिची उत्तराची वाट बघायची पद्धत वेगळी होती आणि ती आम्हा दोघांनाही समजलेली नव्हती. विचारायला कुणी नाही.

रेश्मा नाताळला फोन करते. गुडघे कसे आहेत, जेवता का, विचारते. मग म्हणते, "काका, हात? आत्या एका हातानंच चाललीय."

"करतो," मी म्हणतो.

"दुपारपर्यंत?"

"दुपारपर्यंत."

दुकान मी कधीच विकलं. शिकंजा तेवढा घरी आणला, तो मागच्या खोलीत टेबलाला लावलेला आहे. हात कपाटावर आहे, धूळ बसू नये म्हणून मार्थाच्या टॉवेलात गुंडाळून. पिन मी त्याच आठवड्यात सायकलच्या आऱ्याची करून ठेवली होती, मापाची आहे, बसेल. अर्ध्या तासाचं काम आहे.

सोनाआत्याचा डावा कोपर अजून बसवायचा राहिला आहे.